उत्तराचे ऋण

मार्च महिन्याचा उत्तरार्ध लागला की पेढीवरील वातावरण बदलते. येणे-देणे तपासले जाते, मालाची मोजदाद होते आणि कर सल्लागाराचा फोन लागेनासा होतो. अशा दिवसांत एखादी शंका उद्भवली तर शेजारच्या पेढीवरील वडीलधाऱ्यांकडे जाऊन बसावे, चहा घ्यावा आणि हळूच विषय काढावा, अशी पूर्वी रीत होती. ती जागा आता बऱ्याच अंशी व्यापारी मंडळींच्या ईमेल-गटांनी आणि मोबाईलवरील समूहांनी घेतली आहे. एका गावातील प्रश्न क्षणार्धात शेकडो जणांसमोर जातो आणि कोणत्या गावातून उत्तर येईल, हे सांगता येत नाही. सोय मोठी आहे. मात्र समोरासमोर बसून बोलताना जी मर्यादा आपोआप पाळली जात असे, ती लेखी संभाषणात जाणीवपूर्वक पाळावी लागते. ती सुटली तर केवळ सौजन्याचीच नव्हे, तर व्यवहाराचीही हानी होते. एका कल्पित उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

समजा, २०२४ सालच्या मार्च महिन्याची १८ तारीख आहे. कापडाच्या एका पेढीची जबाबदारी नुकतीच अंगावर घेतलेला तरुण आपल्या व्यापारी गटात लिहितो, “४५ दिवसांचा नियम आपल्याला लागू आहे का? तातडीने सांगा.” विषयाच्या ओळीत केवळ ‘मदत हवी’ एवढेच शब्द आहेत. अर्ध्या तासात चार उत्तरे येतात. पहिले म्हणते, “व्यापाऱ्यांना लागू नाही. निश्चिंत राहा.” दुसरे म्हणते, “सर्वांना लागू आहे.” तिसरे उपरोधाने विचारते, “हीच चर्चा मागच्या महिन्यात झाली, तेव्हा आपण कुठे होता?” चौथ्यात जोडलेल्या हातांचे चित्र आहे. ज्या एका ज्येष्ठ सदस्याला हा विषय खरोखर ठाऊक आहे, ते प्रश्न वाचतात, कशाविषयी विचारले आहे हे न उमगल्याने बाजूला ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. तरुण पहिले उत्तर स्वीकारतो, कारण ते सोयीचे असते.

तो नियम असा होता. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये ‘एच’ हा खंड समाविष्ट झाला आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशोबापासून तो लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे कायद्याने ठरविलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. मुदत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातील आहे : लेखी करार असेल तर करारातील मुदत, पण कमाल ४५ दिवस, लेखी करार नसेल तर १५ दिवस. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही. उद्यम नोंदणी असली तरी केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही ते नाही, कारण २०२१ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जी नोंदणी खुली झाली, ती फक्त बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती होती.

आता पहिल्या उत्तराकडे पुन्हा पाहावे. “व्यापाऱ्यांना लागू नाही” हे वाक्य खोटे नव्हते. माल विकणारा व्यापारी असेल तर त्याचे पैसे थकल्याने हा खंड लागू होत नाही, असा त्याचा अर्थ होता. तरुणाने मात्र आपण स्वतः व्यापारी आहोत, म्हणून आपल्याला नियम नाही, असा अर्थ घेतला. त्याच्या पेढीने १० जानेवारीला इचलकरंजीच्या एका नोंदणीकृत लघु कारखानदाराकडून ८ लाख रुपयांचे कापड घेतले होते, तोंडी ठरलेल्या ९० दिवसांच्या उधारीवर. लेखी करार नसल्याने मुदत २५ जानेवारीलाच संपली होती. तरीही ३१ मार्चपूर्वी रक्कम दिली असती, तर खर्च त्याच वर्षी मान्य झाला असता. बँकेत पैसे होते, हाती तेरा दिवस होते. रक्कम एप्रिलमध्ये दिली गेली. परिणामी त्या वर्षीच्या उत्पन्नात ८ लाख रुपये वाढले. भागीदारी पेढीचा ३० टक्के कर आणि त्यावरील ४ टक्के उपकर धरता २ लाख ४९ हजार ६०० रुपये भरावे लागले. ही वजावट पुढील वर्षी मिळते हे खरे; पण वर्षभर अडकलेले भांडवल आणि घरातील वडिलांसमोर खाली गेलेली मान यांची भरपाई कोणत्या खात्यातून व्हावी?

दोष कोणाचा, असा प्रश्न साहजिक आहे. प्रश्नात परिस्थिती नव्हती आणि उत्तरात अट नव्हती. दोन्ही बाजूंनी अर्धेच माप घातले गेले आणि तोटा पूर्ण झाला.

पृच्छनेची परंपरा

प्रश्न विचारणे ही जैन परंपरेत कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाचनेनंतर लगेच पृच्छनेचे स्थान आहे. टीकाकारांनी तिचे प्रयोजनही स्पष्ट केले आहे : संशय दूर करणे किंवा निश्चित झालेले अधिक दृढ करणे. स्वतःचा मोठेपणा मिरविण्यासाठी किंवा दुसऱ्याचा उपहास करण्यासाठी केलेला प्रश्न या व्याख्येत बसत नाही.

भगवतीसूत्राच्या बाराव्या शतकात कौशांबीच्या जयंती श्राविकेचा प्रसंग आहे. शतानीक राजाची ही बहीण भगवान महावीरांना विचारते की, जिवांनी झोपलेले असणे चांगले की जागे असणे? ‘जागे असणे’ असे एका शब्दाचे उत्तर सहज देता आले असते. भगवंतांनी तसे उत्तर दिले नाही. अधर्माने वागणाऱ्या जिवांचे झोपलेले असणे चांगले, कारण तेवढा वेळ इतर प्राण्यांना त्यांच्यापासून दुःख होत नाही. धर्माने वागणाऱ्यांचे जागे असणे चांगले, असे त्यांनी भेद करून सांगितले. बलवान असणे चांगले की दुर्बल, उद्यमी असणे चांगले की आळशी, या तिच्या पुढील प्रश्नांनाही याच रीतीने उत्तरे मिळाली. कोणासाठी आणि कोणत्या स्थितीत, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, हा त्यातील बोध आहे. ‘स्यात्’ या शब्दाचे मोल ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्या समाजाच्या गटात ‘लागू आहे’ आणि ‘लागू नाही’ असे दोन तुटक शब्द एकमेकांवर आदळावेत, हे शोभणारे नाही.

प्रश्न कसा मांडावा

प्रश्न लिहिण्यापूर्वी थोडे श्रम स्वतः घेणे, ही पहिली मर्यादा. गटातील जुन्या पत्रांत तोच विषय शोधावा, बिले काढून पाहावीत, मग लिहावे. शोध घेऊनही उत्तर सापडले नसेल तर तसे नमूद करावे. त्यामुळे वाचणाऱ्याला आदर वाटतो आणि त्याचे श्रमही वाचतात. विषयाच्या ओळीत विषयच असावा. ‘मदत हवी’, ‘अत्यंत तातडीचे’ अशा शब्दांनी जाणकार व्यक्ती थांबत नाही, कारण आपल्या जाणकारीचा येथे उपयोग आहे की नाही, हेच तिला कळत नाही.

वरील तरुणाने पुढीलप्रमाणे लिहिले असते, तर चित्र वेगळे दिसले असते :

“विषय : लघु कारखानदाराचे बिल, लेखी करार नाही, ४३ बी (एच). सर्व ज्येष्ठांस सविनय जय जिनेंद्र. आमची भागीदारी पेढी असून कापडाचा घाऊक व्यापार आहे. १० जानेवारी रोजी एका कारखानदाराकडून ८ लाखांचा माल घेतला व त्याच दिवशी तो ताब्यात आला. त्यांच्या बिलावर उद्यम क्रमांक असून ते लघु उद्योगात मोडतात. उधारी ९० दिवसांची, तोंडी ठरली आहे. गटातील फेब्रुवारीची पत्रे वाचली, परंतु खरेदीदार व्यापारी असल्यास काय, याचा खुलासा मिळाला नाही. ही रक्कम ३१ मार्चपूर्वी देणे आवश्यक आहे का? सवडीने मार्गदर्शन व्हावे.”

हे पत्र वाचायला एक मिनिटही लागत नाही. त्यात कोण, कोणाकडून, केव्हा, किती आणि कोणत्या अटीवर, हे सर्व आले आहे. एकच प्रश्न आहे आणि तो शेवटी स्पष्ट उभा आहे. पूर्वी ज्येष्ठ सदस्य ज्या प्रश्नाकडे पाहून पुढे गेले, त्याच विषयावर ते आता चार ओळी आनंदाने लिहितील.

या पत्रात कारखानदाराचे नाव नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. व्यापारात पत उभी राहायला पिढी लागते आणि ढासळायला एक ओळ पुरते. “अमुक पेढी पैसे वेळेवर देते का?” असा प्रश्न शेकडो सदस्यांसमोर विचारणे म्हणजे चौकशी नव्हे, ती निंदेची सुरुवात होय. त्या पेढीने कधीही पैसे थकविले नसले तरी प्रश्न वाचणाऱ्यांच्या मनात शंका राहतेच. शिवाय गटातील पत्र कोण कोणाकडे पुढे पाठवील, यावर कोणाचेही नियंत्रण नसते. अशी विचारणा एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे खाजगीतच करावी. आजारपण, घरातील वाद, मुलामुलींच्या सोयरिकी यांविषयीच्या प्रश्नांनाही हाच नियम लावावा.

उत्तर कसे द्यावे

ईमेलवरील सामूहिक संभाषणाची शिस्त हा नवा विषय नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये, सर्वसामान्य भारतीय घरांत इंटरनेट पोहोचण्यापूर्वीच, इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरविणाऱ्या मंडळींनी ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी ती लिहिली होती. नव्या गटात गेल्यावर महिना-दोन महिने नुसते वाचावे आणि मगच लिहावे; उत्तर देताना मूळ पत्रातील आवश्यक तेवढाच भाग सोबत ठेवावा; उत्तर एका व्यक्तीला जात आहे की साऱ्या गटाला, हे पाठविण्यापूर्वी तपासावे; आणि मन क्षुब्ध असेल तर उत्तर एक रात्र थांबवून ठेवावे, असे त्यात सुचविले आहे. तीस वर्षांत साधने बदलली, परंतु यातील एकही सूचना जुनी झालेली नाही.

रात्रभर थांबण्याची सूचना विशेष मोलाची आहे. ज्ञान आणि कठोरपणा एकत्र आल्यास काय होते, याचे उदाहरण संगणकाच्या जगातच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या संगणक प्रणालीविषयी एका चर्चागटात पत्र लिहिले आणि लोकांना तीत काय हवे आहे, अशी विचारणा केली. त्या पत्रातून पुढे आलेली लिनक्स प्रणाली आज जगभर वापरली जाते. तिचे सारे काम ईमेल-गटातून चालत आले आहे. परंतु चुका करणाऱ्यांना टोरवाल्ड्स यांनी पाठविलेली पत्रे इतकी जहाल असत की, सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाले. त्यांच्या ज्ञानाविषयी कोणालाही संशय नव्हता. तरीही शब्दांनी दुखावलेली माणसे गटापासून दूर जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पुढचे प्रश्नही जातात, हे नुकसान उरतेच.

व्यापारी गटात हे अधिक खरे ठरते. “एवढेही ठाऊक नाही?” हे वाक्य विचारणाऱ्या एकालाच लागत नाही. तोच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेले वीस जण ते वाचतात आणि विचारण्याचा विचार सोडून देतात. त्यांतील एखादी नुकतीच हिशोब पाहू लागलेली सून असते, एखादा वडिलांच्या पश्चात दुकान सांभाळणारा मुलगा असतो. जुन्या चर्चेचा निर्देश करावयाचा असेल, तर ती कोठे आहे, हे एका ओळीत सांगता येते. हित, मित आणि प्रिय बोलावे, या उपदेशाला लेखनही अपवाद नाही.

गोड बोलणे मात्र पुरेसे नाही. उत्तर अचूकही असावे. ठाऊक असेल तेवढेच सांगावे आणि ऐकीव माहितीला ऐकीव म्हणावे. “विक्रेता उत्पादक असेल आणि सूक्ष्म वा लघु उद्योगात नोंदलेला असेल, तर नियम लागू आहे, खरेदीदार व्यापारी आहे की कारखानदार, याने फरक पडत नाही, लेखी करार नसल्याने मुदत १५ दिवसांची होती, तरी ३१ मार्चपूर्वी रक्कम दिल्यास याच वर्षी वजावट मिळेल, आपल्या सल्लागारांना बिल दाखवून खात्री करावी”, असे उत्तर गेले असते तर तेवढ्याने काम झाले असते.

उत्तराबरोबर काळाचाही निर्देश हवा. लघु उद्योगाची मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत यंत्रसामग्रीतील १० कोटींची गुंतवणूक आणि ५० कोटींची उलाढाल अशी होती. १ एप्रिल २०२५ पासून ती अनुक्रमे २५ कोटी आणि १०० कोटी झाली. म्हणजे २०२४ साली जो पुरवठादार मध्यम उद्योग म्हणून या नियमाबाहेर होता, तो पुढच्याच वर्षी आत आलेला असू शकतो. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात तर कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. जुने उत्तर तारखेशिवाय पुढे पाठविणे म्हणजे गेल्या वर्षीच्या भावाने या वर्षी सौदा करण्यासारखे आहे.

ऋणाची फेड

उत्तर मिळाल्यानंतरचे वर्तन हा या शिष्टाचाराचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. गरज भागली की विचारणारा गप्प होतो. उत्तर उपयोगी पडले की नाही, ते बरोबर ठरले की नाही, हे कोणालाच कळत नाही. व्यापारी घरात हातउसने घेतलेली लहान रक्कमही वहीत लिहिली जाते आणि परत केली जाते. दुसऱ्याने आपल्या कामातून काढून दिलेली पंधरा मिनिटे मात्र कोणत्याच वहीत चढत नाहीत.

या ऋणाची फेड कशी करावी, याची एक चांगली रीत जुन्या ईमेल-गटांनी घालून दिली आहे. सन कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा ‘सन मॅनेजर्स’ नावाचा गट होता. तेथे उत्तरे थेट विचारणाऱ्याकडे जात आणि त्याने ती सर्व पडताळून, कोणत्या उपायाने काम झाले याचा सारांश गटाला परत लिहावा, असा संकेत होता. त्यामुळे गटात गर्दी होत नसे, एकाला मिळालेले उत्तर सर्वांचे होई आणि पुढच्या माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागत नसे. हा संकेत कोणत्याही व्यापारी गटाने स्वीकारावा असा आहे. “सल्लागारांना विचारले, असे कळले, असे केले, मार्गदर्शनाबद्दल आभार” या चार ओळींत मुद्दल व्याजासह परत होते. जोडलेल्या हातांची पन्नास चित्रे ते काम करीत नाहीत. ती केवळ उपयुक्त उत्तर वर ढकलून दृष्टीआड करतात.

आणि उत्तर चुकले तर? चूक जेथे झाली, तेथेच ती दुरुस्त व्हावी. शेकडो जणांसमोर दिलेली चुकीची माहिती एकाला खाजगीत कळवून सुधारत नाही. हीच गोष्ट दुखावणाऱ्या शब्दांची. संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडं’ असा एकच संदेश शेकडो जणांना जातो आणि ज्या एका व्यक्तीला गटात सर्वांसमोर अपमानित केले, तिला त्या गर्दीतलीच एक प्रत मिळते. ज्या गटात उपरोध लिहिला, त्याच गटात, त्या व्यक्तीचे नाव घेऊन, वर्षाच्या त्या दिवसाची वाट न पाहता लिहिलेली क्षमेची एक ओळ अधिक खरी असते.

उदाहरणातील तरुण पुढील मार्चमध्ये पुन्हा त्या गटात प्रश्न विचारील का, यावर त्या गटाचे मोल ठरते. त्याने पूर्ण परिस्थिती लिहावी, ज्येष्ठांनी अट व तारखेसह सांगावे, काम झाल्यावर त्याने सारांश परत द्यावा आणि एके दिवशी दुसऱ्या एखाद्या नवख्याच्या प्रश्नाला त्याने स्वतः उत्तर द्यावे. पेढीवर चहाच्या पेल्याबरोबर जे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात असे, ते असेच पुढे जात राहील.